उभे राहताच धावणारे हृदय
‘पॉट्स’ या विकाराची ओळख आणि मज्जासंस्थेच्या अंगाने त्याचे व्यवस्थापन

माणूस दिवसातून किती वेळा उठून उभा राहतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सकाळी अंथरुणातून उठणे, ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करणे, बसच्या थांब्यावर वाट पाहणे, बँकेच्या रांगेत आपला क्रमांक येईपर्यंत तिष्ठणे या गोष्टी इतक्या सहजपणे घडतात की त्यांच्यामागे शरीराला काही करावे लागत असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही. मात्र काही व्यक्तींच्या बाबतीत नेमकी हीच साधी क्रिया दुष्कर होऊन बसते. उठून उभे राहताच छातीत धडधड सुरू होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात आणि खाली बसले किंवा आडवे झाले की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम’ म्हणतात. संक्षेपाने तो ‘पॉट्स’ या नावाने ओळखला जातो.

नावात हृदयाच्या गतीचा उल्लेख असल्यामुळे हा हृदयरोग असावा, असा प्रथमदर्शनी समज होतो. तपासण्यांत हृदय निर्दोष आढळले की मग हा ‘मनाचा खेळ’ ठरवला जातो. वस्तुतः या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. बिघाड असतो तो हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना अहोरात्र आज्ञा देणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेत. ही एक गोष्ट ध्यानी आली की उपचारांची दिशाही आपोआप स्पष्ट होते.

शरीरातील अदृश्य व्यवस्थापक

श्वसन, पचन, घाम, शरीराचे तापमान, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांवर आपल्या इच्छेची वाट न पाहता लक्ष ठेवणारी यंत्रणा म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था. तिच्या दोन प्रमुख शाखा आहेत. अनुकंपी शाखा शरीराला कामासाठी, धावपळीसाठी आणि संकटासाठी सज्ज करते. परानुकंपी शाखा विश्रांती, पचन आणि झीज भरून काढणे यांची काळजी घेते. या दुसऱ्या शाखेचा मुख्य वाहक म्हणजे मेंदूच्या तळापासून निघून मानेतून हृदय, फुफ्फुसे आणि पोटापर्यंत पोहोचणारा ‘व्हेगस’ हा दीर्घ मज्जातंतू.

माणूस उभा राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीच्या भागातून पोट व पायांकडे उतरते. एखाद्या शाखेतून अचानक मोठी रक्कम काढली गेली, तर व्यवस्थापकाला तत्काळ दुसरीकडून रोकड मागवून गंगाजळी सावरावी लागते, तसाच हा प्रसंग असतो. मानेतील मोठ्या रोहिण्यांत आणि महारोहिणीच्या कमानीत रक्ताचा दाब मोजणारे सूक्ष्म मज्जातंतू असतात. ते दाब घटल्याची वार्ता लंबमज्जेला कळवतात. तेथून अनुकंपी शाखेमार्फत पायांच्या व पोटाच्या रक्तवाहिन्या आवळण्याची आज्ञा सुटते, व्हेगसचा लगाम थोडा सैल होतो आणि हृदयाचे ठोके मिनिटाला साधारणतः १० ते २० ने वाढतात. काही क्षणांत मेंदूचा रक्तपुरवठा सुरळीत होतो आणि माणसाला यातले काही जाणवतही नाही.

‘पॉट्स’मध्ये ही साखळी कोठेतरी तुटते. काही रुग्णांत पायांच्या रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू क्षीण झालेले असतात. काहींच्या शरीरात एकूण रक्ताचे आकारमानच कमी असते. काहींत अनुकंपी शाखा गरजेपेक्षा कितीतरी अधिक जोराने प्रतिसाद देते. बऱ्याच रुग्णांत या कारणांचे मिश्रण आढळते. परिणाम मात्र एकच असतो. हृदयाकडे परतणारे रक्त अपुरे पडते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय वेगाने धावू लागते.

जुना आजार, नवे नाव

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात डॉ. जेकब मेंडेस दा कोस्टा यांनी अशा शेकडो सैनिकांची पाहणी केली, ज्यांना धडधड, धाप आणि थकवा यांनी ग्रासले होते, परंतु ज्यांच्या हृदयात दृश्य दोष सापडत नव्हता. १८७१ साली त्यांनी त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात डॉ. थॉमस लुईस यांनीही ब्रिटिश सैनिकांत असेच चित्र पाहिले. त्या काळी ‘सैनिकांचे हृदय’ अशी संज्ञा रूढ झाली होती. त्या सैनिकांपैकी कितीजणांना आजच्या अर्थाने ‘पॉट्स’ होता हे सांगता येत नसले, तरी वर्णनांतील साम्य लक्षणीय आहे. आजचे नाव आणि निदानाची चौकट रूढ झाली ती १९९३ साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. शोनडॉर्फ व डॉ. लो यांच्या शोधनिबंधामुळे.

हा विकार प्रामुख्याने १५ ते ५० या वयोगटात दिसतो आणि रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. विषाणुजन्य ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, अपघात किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे यांनंतर तो अनेकदा डोके वर काढतो. २०२० नंतर कोविड-१९ मधून बऱ्या झालेल्या अनेकांमध्ये तो आढळल्याने जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष त्याकडे नव्याने वेधले गेले.

रायपूरचा उन्हाळा आणि एक प्रातिनिधिक चित्र

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना रायपूरचा उन्हाळा नवा नाही. मे महिन्यात येथील पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि घामावाटे पाणी व मीठ निघून जाते. निरोगी माणसालाही अशा दिवसांत उठताना क्षणभर गरगरते. मग ‘पॉट्स’च्या रुग्णाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

तात्यापारा भागातील एखाद्या घरी बँकेच्या स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी बावीस वर्षांची मुलगी आहे, असे समजू. विषाणुजन्य ताप येऊन गेल्यावर तिला सकाळी उठताना भोवळ येऊ लागते. अंघोळीच्या गरम पाण्याने जीव घाबरतो. शिकवणी वर्गाचा जिना चढताना छाती धडधडते, वाचलेले ध्यानात राहत नाही. ईसीजी काढला जातो, तो निर्दोष येतो. घरातली वडील माणसे म्हणतात, ‘परीक्षेचे टेन्शन घेतलेय तिने.’ शेजारी सल्ला देतात, ‘लग्न झाले की आपोआप बरी होईल.’ मुलगी स्वतःवरच संशय घेऊ लागते. हे चित्र कल्पित असले, तरी जगभरच्या रुग्णांचे अनुभव याच वळणाने जातात. अचूक निदान होईपर्यंत अनेकदा वर्षे लोटतात आणि दरम्यान बहुतेकांना ‘तुमचा आजार मानसिक आहे’ हे ऐकून घ्यावे लागते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. अनुकंपी शाखा चेतवली गेली की हात थरथरणे, घाम सुटणे, अकारण भीती वाटणे ही लक्षणे उमटणारच, कारण भीतीच्या प्रसंगी शरीरात हीच रसायने स्रवतात. म्हणजे येथे आधी शरीरातील धोक्याची घंटा वाजते आणि भीती तिच्या मागून येते. मात्र एकदा भीती निर्माण झाली की ती त्या घंटेला आणखी जोर देते, हेही तितकेच खरे. हे दुष्टचक्र तोडणे हा उपचाराचा एक महत्त्वाचा भाग आहे. रुग्णाला नाटकी ठरवून ते तुटत नाही.

निदान कसे होते?

या विकाराच्या निदानासाठी फार महागड्या यंत्रांची गरज नसते. रुग्णाला पाच ते दहा मिनिटे शांत आडवे झोपवून नाडी व रक्तदाब मोजतात. नंतर दहा मिनिटे उभे ठेवून ठरावीक अंतराने दोन्ही पुन्हा मोजतात. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढले आणि ती वाढ टिकून राहिली, रक्तदाब मात्र फारसा घटला नाही आणि लक्षणे किमान तीन महिने चालू असली, तर ‘पॉट्स’चा विचार केला जातो. १२ ते १९ या वयात ही मर्यादा ४० ठोक्यांची आहे. झोपलेल्या अवस्थेतील ७४ ठोके उभे राहिल्यावर ११२ झाले, तर वाढ ३८ ची झाली. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ती मर्यादेबाहेर ठरते. ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी, कारण काही रुग्णांना उभ्या उभ्या शुद्ध हरपण्याचा धोका असतो.

ठोके वाढण्याची अन्य कारणे आधी वगळणे अत्यावश्यक आहे. रक्तक्षय, थायरॉइडची अतिक्रियाशीलता, शरीरातील पाणी कमी होणे, हृदयाच्या तालातील दोष आणि काही औषधांचे परिणाम ही त्यांतील प्रमुख कारणे होत. छत्तीसगडमध्ये रक्तक्षयाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ६१ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. सिकलसेलचा आजारही या प्रदेशात आढळतो. तेव्हा धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन प्रथम तपासले गेले पाहिजे. १९६३ साली स्थापन झालेले पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ साली सुरू झालेली एम्स या संस्थांमुळे हृदयरोग व मज्जाविकारांच्या तज्ज्ञांसाठी रायपूरकरांना दूरच्या शहरांत धाव घ्यावी लागत नाही.

हृदयाला थेट आज्ञा करता येते का?

स्वायत्त मज्जासंस्था आपल्या इच्छेबाहेर चालते, मग तिला वळण कसे लावायचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. या प्रश्नाचा शास्त्रीय वेध घेण्यात भारताचा, विशेषतः महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास प्रारंभ केला. दिल्लीच्या एम्समधील डॉ. बी. के. आनंद यांनी वेंगर व बागची या अमेरिकेतील संशोधकांसह, हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योगाभ्यासींची तपासणी केली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, श्वास रोखून छातीतील दाब वाढवल्याने मनगटावरची नाडी लागेनाशी होत असे, परंतु विद्युत आलेखावर हृदय चालूच असल्याचे दिसे. याचा अर्थ असा की हृदयाला थेट आज्ञा करता येत नाही, परंतु श्वासाच्या मार्गाने रक्ताभिसरणावर प्रभाव पाडता येतो.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी याच मार्गाचा अवलंब केला. डॉ. देशमुख, डॉ. दळवी आणि कैवल्यधामशी निगडित डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन व पोटाने केलेले संथ, लयबद्ध श्वसन शिकवले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अनेकांचा रक्तदाब उतरल्याची आणि काहींच्या औषधांची मात्रा घटवता आल्याची नोंद आहे. तो विकार वेगळा होता आणि त्या प्रयोगावरून ‘पॉट्स’ शवासनाने बरा होतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परंतु रक्ताभिसरणाच्या विकारात मज्जासंस्थेला शांत करण्याचा प्रयत्न हा शास्त्रीय उपचाराचा भाग होऊ शकतो, ही दृष्टी त्या कामाने दिली. पुढे २००१ साली इटलीतील डॉ. लुसियानो बर्नार्डी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जपमाळेवरील प्रार्थना किंवा मंत्र संथपणे म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली येतो आणि रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनक्षमता वाढते. माळ ओढणाऱ्या आपल्या आजीपणजींच्या श्वासाची लय कोणी मोजली नव्हती, इतकेच!

व्यवस्थापनाची पंचसूत्री

एकाच गोळीने ‘पॉट्स’ नाहीसा होत नाही. मज्जासंस्थेवरील भार हलका करणे आणि तिला हळूहळू उभे राहण्याची पुन्हा सवय लावणे, असे उपचारांचे दुहेरी स्वरूप असते.

१. पाणी व मीठ : दिवसाकाठी दोन ते तीन लिटर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात अधिक मीठ घेतल्याने रक्ताचे आकारमान वाढते. सकाळी उठण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी पिणे उपयुक्त ठरते. थोड्या वेळात प्यालेले अर्धा लिटर पाणी काही मिनिटांतच उभे राहिल्यावरची धडधड कमी करते, असे प्रयोगांत आढळले आहे. आदल्या रात्रीचा भात पाण्यात भिजवून मीठ, कांदा व मिरचीसह खाल्ली जाणारी छत्तीसगडची बोरे-बासी ही उन्हात राबणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पाणी आणि मिठाचीच सोय होय. २०२२ साली कामगार दिनी तत्कालीन राज्य सरकारनेही ती खाण्याचे आवाहन केले होते. मात्र एकाच वेळी भरपेट भात खाल्ल्यास रक्त पोटाकडे वळून लक्षणे वाढतात. म्हणून थोडे थोडे, पण अनेकदा खावे. एक महत्त्वाची सूचना म्हणजे सर्वसामान्य प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना मीठ मुळीच वाढवू नये.

२. पायांचा पंप : पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्त वर ढकलतात. उभे असताना टाचा वरखाली करणे, पायांची अढी घालून मांड्या आवळणे, मुठी घट्ट मिटणे या साध्या युक्त्यांनी भोवळ टळू शकते. मांड्यांपर्यंतचे घट्ट वैद्यकीय मोजे व पोटपट्टाही साहाय्यभूत होतात. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग काठावर बसावे आणि दोन मिनिटांनी उभे राहावे.

३. आडव्या व्यायामापासून आरंभ : अंतराळवीर पृथ्वीवर परतल्यावर त्यांनाही उभे राहणे जड जाते, कारण गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्याची शरीराची सवय मोडलेली असते. या निरीक्षणाशी परिचित असलेल्या अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी ‘पॉट्स’च्या रुग्णांसाठी बसून किंवा टेकून करावयाच्या व्यायामाचा तीन महिन्यांचा क्रम आखला. वल्हे मारण्याचे यंत्र, टेकून चालवायची सायकल आणि पोहणे यांपासून सुरुवात करून रुग्ण सावकाश उभ्या व्यायामाकडे नेले जातात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा क्रम पूर्ण करणाऱ्या १९ रुग्णांपैकी १० जण निदानाच्या निकषांतून बाहेर पडले. मात्र कोविडनंतर किंवा अन्य कारणाने ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या दिवशी सर्वांगाला ग्लानी येते, त्यांनी हा क्रम तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखेरीज करू नये. अशा रुग्णाने शक्तीचा खर्च जमेच्या मर्यादेतच ठेवावा. शरीराच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतल्यास त्याचे व्याज फार जबर असते.

४. श्वास आणि विसावा : आडवे किंवा टेकून बसून पोटाने संथ श्वास घ्यावा आणि उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा दीर्घ ठेवावा. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटांचा हा परिपाठ पुरेसा आहे. येथे एक सावधगिरी हवी. भस्त्रिका, कपालभाती अशा जलद श्वसनाच्या क्रियांनी रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात आणि घेरी वाढते. म्हणून योगवर्गात सर्वांसमवेत सरसकट सगळे करण्याचा आग्रह धरू नये. नियमित वेळी झोप, कडक उन्हाचा त्याग आणि कोमट पाण्याने बसून अंघोळ या गोष्टीही मज्जासंस्थेला उसंत देतात.

५. औषधे : प्रोप्रॅनोलॉल अल्प मात्रेत, इव्हाब्रॅडिन, मिडोड्रिन, फ्लूड्रोकॉर्टिसोन यांपैकी कोणते औषध कोणाला द्यावे, हे साखळी कोठे तुटली आहे यावरून तज्ज्ञ ठरवतात. कानावाटे व्हेगसला सौम्य विद्युत संवेदना देण्याचा प्रयोगही अमेरिकेत २६ रुग्णांवर झाला असून त्यात उभे राहिल्यावरची धडधड कमी झालेली आढळली. तथापि रुग्णसंख्या अल्प असल्याने तो अद्याप संशोधनाच्या टप्प्यावरच समजावा. ‘मेंदूचे पुनःप्रशिक्षण’ अशा आकर्षक नावांनी मोठ्या रकमा आकारून हमखास गुणाची हमी देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. ज्या गुंतवणुकीत परताव्याची अवास्तव हमी असते, तिच्याविषयी बँकेचे ग्राहक जेवढे सावध असतात, तेवढीच सावधगिरी येथेही हवी.

घर, कार्यालय आणि बँकेची शाखा

‘पॉट्स’ सहसा प्राणघातक नसतो. योग्य निदान व नियमित परिपाठ यांनी बहुतेक रुग्णांची स्थिती सुधारते आणि पौगंडावस्थेत सुरू झालेला विकार काही वर्षांत बराच निवळल्याची उदाहरणे अनेक आहेत. परंतु ही सुधारणा संथ असते, तिच्यात चढउतार असतात आणि या काळात रुग्ण बाहेरून पूर्णपणे धडधाकट दिसतो. त्यामुळेच त्याला सर्वाधिक गरज असते ती भोवतालच्या माणसांच्या विश्वासाची.

हा विश्वास लहानसहान कृतींतून प्रकट होतो. घरी ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवले, तर सून किंवा मुलगी बसून पोळ्या लाटू शकते. कार्यालयात सहकाऱ्याने पाण्याची बाटली जवळ ठेवली, अधूनमधून पाय हलवले किंवा दुपारी दहा मिनिटे टेकण्यास वेळ मागितला, तर त्याकडे आळस म्हणून पाहू नये. शाखेत एखाद्या तरुण ग्राहकाने बसण्यासाठी खुर्ची मागितली, तर ‘या वयात?’ हा प्रश्न मनातही येऊ देऊ नये. टोकन हाती देऊन त्याला बसू द्यावे आणि क्रमांक आला की हाक मारावी.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना दिलेल्या सूचनांत, सत्तर वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांसोबतच वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या दीर्घकालीन आजारी व्यक्तींनाही रोख रक्कम, धनादेश आदी मूलभूत सेवा घरपोच देण्यासाठी प्रयत्न करावेत, असे नमूद केले आहे. अशा व्यक्तीच्या कुटुंबीयांनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन आपल्या शाखेत या सुविधेची चौकशी अवश्य करावी. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही ही तरतूद केवळ वृद्धांसाठी नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्यांचा आजार डोळ्यांना दिसत नाही, त्यांना तो पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागू नये, एवढी काळजी प्रत्येक काउंटरवर घेता येण्याजोगी आहे.